हस्तक्षेप नको

लातूर
९ जून २०२५

चि. पुनम,

पाकिटावरचं माझं नाव बघून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. म्हणून आधी कामाचं. जुन्या अभ्यासक्रमातल्या ज्या मुलांचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं, त्यांना विद्यापीठाने परीक्षेची एक अखेरची संधी दिली आहे. सोबत अर्ज जोडला आहे. फोटो चिकटव, सही कर आणि नांदेडला कॉलेजात नेऊन दे. पुढचं मी बघतो.

तुझा पत्ता मिहिरने दिला. तुमच्या गटातला तो एकटाच मला अजून दिवाळीला फोन करतो. त्याच्याकडून कळलं, की तू हिमायतनगरला मोटार-पाइपच्या दुकानात काउंटरवर असतेस, खोली घेऊन एकटीच राहतेस आणि तीन वर्षांत एकदाही गावाकडे गेलेली नाहीस. हिमायतनगरहून तुमचं इस्लापूर स्टेशन ते किती लांब! गाडीत बसलं की शेंगा खाऊन संपायच्या आत येतं. ऐकून वाईट वाटलं.

माझं म्हणशील तर नांदेड सोडून दोन वर्षं झाली. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापकांना शिकवण्याचं केंद्र निघालं, त्याचा प्रमुख म्हणून आलो. समस्या देऊन शिकवायचं, मुलांनी स्वतः शोधायचं, हेच माझं काम. आता ते मी प्राध्यापकांच्या गळी उतरवतो. आमच्या गल्लीपासून चौकापर्यंत क्लासच क्लास आहेत आणि प्रत्येकाच्या फलकावर नंबरात आलेल्या मुलांचे फोटो. अख्खं शहर उत्तरं पाठ करतं आहे आणि मी मधोमध बसून सांगतो, मुलांना उत्तर देऊ नका. माझी बायको विशाखा म्हणते, तुम्ही हलवायाच्या दुकानापुढे बसून उपासाचे फायदे सांगताय.

पुनम, झालं ते झालं. विद्यार्थ्यांकडून चुका होतात, त्यांतूनच माणूस शिकतो. वसतिगृहाच्या बोअरचं जे झालं त्याचं ओझं तू जन्मभर वाहावंस असं कुणालाही वाटत नाही. मी तर तुला तेव्हाच माफ केलं होतं. परीक्षा दे, पदवी घे, ताठ मानेने घरी जा.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
अमरनाथ कंधारकर


लातूर
२८ जून २०२५

चि. पुनम,

पाकीट मिळालं. अर्ज कोराच परत आला, तेव्हा आधी राग आला. मग मागची बाजू बघितली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, नकाशावर नावं घालताना असायचं तसं. तू लिहिलंस:

‘सर, त्या दिवशी तुम्ही एकटेच संडासाच्या मागं गेला होता. तुम्हाला तेव्हा दिसलं होतं का?’

या प्रश्नाचा नीट विचार व्हायचा तर सगळं क्रमाने मांडावं लागेल. मी बावीस वर्षं वर्गात नोट्स सांगितल्या. मुलं उतरवून घ्यायची, पेपरात उतरवायची, पास व्हायची. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स आयटीआयपर्यंत जायच्या, याचा मला अभिमान होता. २०१९ साली पुण्यात आठवड्याचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून येताना लोक बाकरवडी आणतात, मी समस्याधारित अध्ययन घेऊन आलो. शिक्षक हा सुलभक असतो, म्हणजे वाट मोकळी करणारा. त्याने उत्तर सांगायचं नसतं, चुकीला थांबवायचं नसतं. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर उलट प्रश्न विचारायचा. नवा मुसलमान जास्त बांग देतो म्हणतात तसलं काही म्हणू नये, पण माझं तेव्हा तसं झालं होतं, एवढं खरं.

२०२२ च्या फेब्रुवारीत समस्या तूच आणलीस. तुमच्या गावच्या आश्रमशाळेत मुलींचं वसतिगृह, नव्वद मुली, आणि मार्चनंतर बोअर कोरडी. मुलींना ओढ्यावरून पाणी आणावं लागे. तू, मिहिर, वरद, इरा आणि बालाजी, असा पाच जणांचा गट. तुमचा उपाय चांगला होता. बोअरभोवती मोठा खड्डा घ्यायचा, पाइपाला छिद्रं पाडायची, खड्ड्यात दगड, खडी, वाळू भरायची आणि छपराचं नि अंगणाचं पावसाचं पाणी त्यात सोडायचं. जमिनीत पाणी मुरलं की उन्हाळ्यात बोअर टिकते. तुझ्या वडिलांनी, दगडोबांनी, ग्रामसभेत उभं राहून श्रमदान कबूल करून घेतलं.

तुमच्या नकाशात एक गोष्ट नव्हती. वसतिगृहाच्या संडासांचा शोषखड्डा वरच्या अंगाला तीस फुटांवर होता. पावसाळ्यात तिथलं पाणी झिरपून तुमच्या खड्ड्यात आणि तिथून बोअरमध्ये उतरलं. ऑगस्टमध्ये एकोणीस मुलींना कावीळ झाली. सगळ्या बऱ्या झाल्या, हेही लक्षात घे. आरोग्य खात्याने बोअर बंद केली आणि ‘रचनेतील दोष’ असा शेरा मारला. रचना करणाऱ्यांत पहिलं नाव तुझं होतं, म्हणून गावाने ते धरून ठेवलं.

आता तुझा प्रश्न. सुलभकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हा मुद्दा अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने गौण आहे. महत्त्वाचं हे, की गटाला काय दिसलं. तू शांतपणे विचार केलास तर हे तुला पटेल. अर्ज पुन्हा पाठवतो आहे, मुदत जुलैअखेरपर्यंत वाढली आहे.

अमरनाथ कंधारकर


लातूर
१३ जुलै २०२५

पुनम,

मागचं पत्र टाकून आल्यावर त्याची प्रत मी विशाखाला वाचायला दिली. चांगलं लिहिलंय असं ती म्हणेल, असं वाटलं होतं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “तिनं एकच विचारलंय. एवढ्या लांबणीत ते कुठं आहे?” मग ती मेथी निवडायला आत गेली.

हो. मला दिसलं होतं.

१४ मे २०२२. तुम्ही पाचजण बोअरपाशी मापं घेत होता. संडासाला कुलूप होतं, म्हणून मी आडोशाला मागे गेलो. तुमच्याकडे मेमध्ये सागाचं पान शिल्लक राहत नाही, आणि तिथे गुडघाभर हिरवंगार गवत होतं. त्यात हवेचा पाइप उभा. पंचवीस वर्षं सिव्हिल शिकवलेल्या माणसाला आणखी काही बघावं लागत नाही. खाली उतारावर वरद टेप धरून उभा होता आणि तू वहीत लिहीत होतीस. मी खिशातली डायरी काढली आणि लिहिलं, ‘शोषखड्डा गटाच्या लक्षात आलेला नाही. हस्तक्षेप नको.’ ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं, हेही सांगतो. प्रशिक्षणात शिकवलेलं पहिल्यांदाच इतकं तंतोतंत जमलं होतं.

माझा बेत असा होता: जूनमध्ये तुमचं सादरीकरण होईल तेव्हा मी एकच विचारीन, की अंगणात पाणी कुठून कुठून येतं. तुम्ही गप्प व्हाल, पुन्हा जाऊन बघाल आणि जन्मभर विसरणार नाही. वर्गात हे फार छान चालतं. पण तिथे वर्ग नव्हता. खाली नव्वद मुली ते पाणी पिणार होत्या आणि माझ्या बेतात त्या कुठेच नव्हत्या.

त्या दिवशी निघताना तुझे बाबा माझ्याबरोबर जीपपर्यंत चालत आले होते. तू मागे राहिलीस, म्हणून तुला हे माहीत नाही. ते म्हणाले, “सर, पोरं शिकून राहिली, त्यांचं ठीक हाय. तुमी सांगा, हे बरोबर हाय का?”

मी हसून म्हणालो, “दगडोबा, तुम्हाला काय वाटतं?”

प्रश्नाला प्रश्न. ते विद्यार्थी नव्हते. त्यांनी मला जाणता माणूस म्हणून विचारलं होतं, गावाच्या वतीने. त्यांना वाटलं, सर आपल्याला मान देतायत. “तुमी हाव म्हनलं की झालं,” असं म्हणून त्यांनी हात जोडले. मी पुन्हा हसलो आणि जीपमध्ये बसलो. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी ‘हाव’, म्हणजे हो, असा घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात माणसं गोळा करायला लागले.

पुढचं तुला माहीत आहे. ५ जूनला तू फोन केलास. पाऊस तोंडावर आलाय, चाळीस माणसं तयार आहेत, गाव उद्याच खोदायला घेतो म्हणतंय, सर तुम्ही एकदा येऊन बघा, असं तू दोनदा म्हणालीस. मी म्हणालो, निर्णय गटाचा आहे. तू “बरं सर” म्हणालीस. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, की थांबा. दोनच अक्षरं. ती माझ्या तोंडातून निघाली नाहीत.

पद्धतीवर ढकलून मला सुटता येईल. त्या पद्धतीत कुठेही लिहिलेलं नाही, की लोकांना घाण पाणी पाजा. उलट, धोका असेल तिथे शिक्षकाने मधे पडावं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि माझ्या वहीत ते माझ्याच अक्षरात आहे. मी नंतर शोधून पाहिलं. आता जे लिहितो ते विशाखालाही बोललेलो नाही. तुम्ही चुकावं असं मला वाटत होतं. यशस्वी प्रकल्प सगळेच दाखवतात. विद्यार्थी चुकले, त्यांना चूक कळली आणि ते शिकले, असं एक प्रकरण हातात असलं की परिषदेत लोक कान देऊन ऐकतात. मुली दवाखान्यात होत्या तेव्हा मी लेखाचं शीर्षक ठरवलेलं होतं. त्या लेखात तुमचं नाव ‘गट क’ आहे आणि डायरीतलं ते पान नाही. त्याच लेखावर मला लातूरची खुर्ची मिळाली.

आणि तुझे गुण. ‘चुकीतून काय शिकलो’ हे पान चौघांनी भरून दिलं. तू लिहिलंस, ‘पोरी बऱ्या झाल्यावर लिहीन.’ मी त्या रकान्यात शून्य दिलं. नियमाप्रमाणे दिलं. त्यानंतर तू कॉलेजात आली नाहीस, आणि मी ‘विद्यार्थिनीने मनावर घेतलं’ असं सगळ्यांना सांगत राहिलो. वर तुला माफ केलं म्हणून पत्र लिहिलं. मला त्या ओळीची लाज वाटते.

हे तुला कळवून भागणार नाही. गावाला अजून तुझंच नाव माहीत आहे. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. जाईन म्हणतो. ‘म्हणतो’ लिहिलं, कारण माझा मलाच भरवसा नाही.

अमरनाथ


नांदेड
१६ ऑगस्ट २०२५

पुनम,

काल तुमच्या गावी जाऊन आलो. रात्री नांदेडला मुक्काम केला, आता सकाळी लातूरच्या बसआधी लिहितो आहे. जाताना गाडी हिमायतनगरला थांबली होती. उतरून तुला भेटावं असं वाटलं, पण आधी जिथे बोलायचं तिथे न बोलता तुझ्यापुढे उभं राहणं बरं दिसलं नसतं.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. सरपंच पंढरी यांनी मला ओळखलं. कसे आलात विचारलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी कागद नेला होता. तो उघडला आणि पहिलंच वाक्य केंद्रातल्या भाषणासारखं निघालं, म्हणून घडी घालून ठेवला. उभ्या उभ्या सांगितलं. शोषखड्डा मला मे महिन्यातच दिसला होता, मी कुणालाच सांगितलं नाही, पुनमने फोन करून बोलावलं तरी आलो नाही, आणि दगडोबांनी तोंडावर विचारलं तेव्हा हसलो. चूक तिच्या नकाशात होती, पण ती चूक थांबवायला मी नेमलेला होतो, आणि मी ती होऊ दिली.

कुणी ओरडलं नाही. मी त्याची तयारी करून गेलो होतो, आणि तसं काही झालं नाही तेव्हा हात कुठे ठेवावे ते कळेना. मग वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई साखराबाई उठल्या. त्या पोरींना कळशीने पाणी वाढायच्या, तुला आठवत असतील. त्यांचा आवाज चढला नाही.

“तुमचं शिकवणं चालू होतं, सर,” त्या म्हणाल्या, “आन् आमचं पिणं चालू होतं.”

त्यांनी मग मागे बसलेल्या एका मुलीकडे बोट केलं. मांडीवर मूल होतं. ही दहावीत होती, साखराबाईंनी सांगितलं, शाळेत पहिली यायची. कावीळ झाली तशी बापाने घरी नेली, ती नेलीच. अशा अकरा जणी परत आल्या नाहीत. माझ्या लेखात एकोणीस हा आकडा आहे आणि त्यापुढे ‘सर्व पूर्ण बऱ्या’ असं आहे. अकरा हा आकडा त्यात नाही, कारण मी तो कधी विचारलाच नाही. त्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाच्या तोंडावरची माशी हाकलली. मला तिची माफी मागायची होती, ती मागितली. तिने त्यावर काही बोलावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

मी सांगितलेलं सगळं सरपंचांनी इतिवृत्तात लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. तुझ्या नावापुढे ‘दोष नाही’ असं लिहा, असं कुणीतरी बायकांतून म्हणालं, तेही लिहिलं गेलं. चहाचं कुणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं. केंद्रात सोमवारी तीस प्राध्यापक येणार आहेत. त्यांना मी गट क शिकवणार आहे, डायरीच्या त्या पानासकट, माझ्या नावाने. त्यानंतर मला तिथे ठेवायचं की नाही ते कॉलेजाने ठरवावं. यातून त्या अकरा जणींचं काही भलं होत नाही, हे मला कळतं.

दगडोबा सभेत पूर्ण वेळ खाली मान घालून बसले होते. सभा उठल्यावर काही न बोलता त्यांनी मोटारसायकल आणली आणि मला इस्लापूर स्टेशनवर सोडलं. माझ्या गाडीला तासभर होता. मी म्हणालो, तुम्ही निघा. ते गेले नाहीत. बाकावर लांब बसून राहिले.

तेवढ्यात नांदेडकडून येणारी गाडी लागली. ते उठले. उतरणारी माणसं एकेक करून बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. गाडी गेली, फलाट मोकळा झाला, तेव्हा परत येऊन बसले. कुणी यायचं होतं का, मी विचारलं.

“मीच म्हनलो होतो तिला,” ते म्हणाले, “तोंड दाखवू नको म्हून. चार लोकांदेखत म्हनलो. आता कोन्या तोंडानं फोन लावू?” मग रुळांकडे बघत म्हणाले, “रोज येऊन राहिलो, सर. गाडी तर हिमायतनगरावरूनच येती ना.”

पुनम, तीन वर्षं मी तुम्हाला हवं तेव्हा सांगितलं नाही, आणि आता सांगायचा मला कुठलाही हक्क उरलेला नाही. तरी एक सांगतो. अर्जाचं राहू दे, मला उत्तरही लिहू नकोस.

घरी जा.

अमरनाथ